सलगमाची लावणी

सुखनिवास सोसायटीत कोणाच्याही कुंडीतल्या तुळशीने मान टाकली, की पहिली बेल वाजायची ती तिसऱ्या मजल्यावर, भाऊ परबांच्या दाराची. मग भाऊ लेंग्याची नाडी सावरत यायचे, मातीत बोट खुपसायचे, ते नाकाशी न्यायचे आणि गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायचे, "पाणी जास्त होतंय." आता घाटकोपरसारख्या ठिकाणी दहातल्या नऊ कुंड्यांना पाणी जास्तच होत असतं, त्यामुळे भाऊ दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरायचे. दहावी कुंडी मेलीच, तर "मातीच खराब होती हो" म्हणून मोकळे. आणि निघताना उंबऱ्यावर एक वाक्य ठरलेलं, "आम्ही कोकणातले. चिखलात वाढलोय."

हे वाक्य कानावर पडलं की त्यांची बायको सुगंधा स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची. ती कुडाळकडची, शेतकऱ्याची पोर. चिखलात कोण वाढलंय आणि कोण नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला चारचौघांत कधी उघडं पाडलं नव्हतं.

भाऊंच्या समोरच्या दारात देवव्रत सबनीस राहायचे. धरणाच्या कामावरचे इंजिनियर, हिमाचलात चौदा वर्षं काढलेली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी रेवती. ती पवईला एका ऑफिसात होती, सकाळी आठला गेली की संध्याकाळी सातला परत. दोघे म्हातारे एका वयाचे, एकमेकांना अरे-तुरे करणारे. उन्हाळ्यात सबनिसांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, पाय सुधारला, उजवा हात मात्र रुसून बसला. पण सबनीस खमके. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "हात गेला तर गेला रे. डोकं शाबूत आहे ना, मग झालं." त्यांना त्या डोक्याचा फार अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

फिजिओथेरपीला येणारी दीप्ती नावाची मुलगी डोकेबाज होती. रबरी चेंडू दाबून दाबून काका कंटाळलेत हे बघून ती एक दिवस बियांचं पाकीटच घेऊन आली. "काका, चिमटीचा व्यायाम. तुम्हीच म्हणालात ना, हिमाचलात सलगम आवडायचे? मग पेरा."

दसऱ्यानंतर गच्चीवर दोन पसरट टब मांडले गेले. सलगम म्हणजे मुळ्यासारखाच जमिनीत पोसणारा गोल कंद, पण त्याचं बी ते केवढं, मोहरीएवढं! ते उजव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि मातीवर सोडायचं. आधी धरलंच जायचं नाही आणि धरलं तर सुटायचं नाही. सबनीस घामाघूम व्हायचे. रोज अर्धा तास, आठ दिवस. बी कुठे ओंजळभर पडलं, कुठे पडलंच नाही. पण आठवड्याभरात टब हिरवेगार झाले, नुसती दाटी. दीप्ती टाळ्या वाजवत म्हणाली, "झकास! आता खरी मजा. रोज दहा रोपं उपटायची, एकेक करून, ह्याच हाताने. गर्दी कमी झाली की उरतील ती पोसतील."

हे सगळं सबनिसांनी गच्चीवरच्या बाकावर बसून भाऊंनाही अगदी रंगवून सांगितलं होतं. पण भाऊंना ऐकून घ्यायची सवय कमी. ते त्या वेळी सेक्रेटरींना जास्वंदीवरचा मावा कसा घालवायचा ते समजावत होते. त्यांच्या कानात एवढंच शिरलं, की गर्दी फार झालीय.

भाऊबीजेला सबनीस चार दिवस बहिणीकडे बोरिवलीला निघाले. जायच्या दिवशी पहाटे एकटेच गच्चीवर जाऊन रोपं बघून आले. गच्चीच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे, एक भाऊंकडे. जिन्यात भाऊ भेटले.

"भाऊ, पाणी तेवढं घाल रे. बाकी काही नको."

"अरे जा तू बिनधास्त! मी आहे ना."

दहाच्या सुमाराला भाऊ वर गेले, टाकीमागची झारी भरून घेतली. पाणी घालायला वाकले आणि बघतच राहिले. बोटभर उंचीची, एकमेकांना खेटून उभी राहिलेली हिरवी रोपं. हे कुठेतरी पाहिलंय! आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तरवा! भाताचा तरवा असाच दाट असतो. तो उपटायचा, चिखल करायचा आणि ओळीने लावायचा. त्याशिवाय पीक धरत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. बिचाऱ्या सबनिसाला काय कळणार, देशावरचा माणूस! त्याच्या त्या हाताने काय होणार! आपण करून ठेवू. आला की खूश होईल.

भाऊंनी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला. दोन्ही टबांत पाणी ओतून रबरबीत चिखल केला, मुठी मुठीने रोपं उपटली, मुळं झटकली, आणि वाकून ओळी धरल्या. एका टबात सात, दुसऱ्यात सहा. अर्धीअधिक रोपं उरली, ती टाकीशेजारच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. कंबर मोडून आली, नखांत चिखल गेला, पण खरं सांगायचं तर त्या तासाभरात भाऊ फार सुखात होते. आयुष्यभर जे बोललो ते आज करतोय, असं काहीतरी त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. टाकणारच, लावणीनंतर दोन दिवस टाकतात, भाऊंनी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी ती चिखलाला चिकटली. चौथ्या दिवशी ऊन कडक पडलं, चिखलाच्या खपल्या झाल्या आणि खपल्यांवर ओळीने वाळक्या काड्या उरल्या. काय सांगायचं ते भाऊंनी मनाशी तीनदा घोकलं, "सबनीस, माझं चुकलं रे. चांगल्या हेतूने केलं." सोपं होतं. बोलायला पाच सेकंद लागले असते.

सबनीस रिक्षातून उतरले ते पिशवीसकट थेट गच्चीवर. भाऊ मागोमाग. टबापाशी येऊन सबनीस वाकले आणि एकेक ओळ बघत गेले.

"हे कोणी केलं?"

भाऊंनी तोंड उघडलं. पण सबनीस त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"त्या दिवशी पहाटे मी वर आलो होतो ना रे?" त्यांचा आवाज खाली आला होता. "मला आठवतंय, मी नुसता बघून खाली आलो. नुसता बघून आलो ना? की... भाऊ, मीच का रे केलं हे?"

आता ह्या क्षणाला एखाद्या बऱ्या माणसाने काय केलं असतं ते सांगायची गरज नाही. समोर पळवाट दिसत होती, न मागता मिळालेली. भाऊ म्हणाले,

"असेल."

फक्त एवढंच. असेल. पुढे तीन आठवडे हा एक शब्द भाऊंच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतून बसला.

रेवती घाबरली. ती भाऊंना जिन्यात गाठून म्हणाली, "काका, किल्ल्या दोनच आहेत. तुम्ही असं करणं शक्यच नाही. मुळाची भाजी उपटून परत लावत नाहीत, मुळं दुखावली की संपलं, हे मीसुद्धा मोबाइलवर वाचलं. मग बाबांनीच केलंय ना, डाव्या हाताने? आणि त्यांना त्यातलं काहीही आठवत नाहीये!"

मुळाची भाजी उपटून लावत नाहीत. भाऊंना हे त्या क्षणी, अडुसष्टाव्या वर्षी, जिन्याच्या चौथ्या पायरीवर पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, "होतं असं वयोमानाने." आणि घरात जाऊन उगाच टीव्ही बघत बसले.

रेवतीने बाबांकडची गच्चीची किल्ली काढून घेतली. एकटं वर जायचं नाही, एकटं खाली जायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या तपासणीला पुढच्या महिन्यातला गुरुवार दिला. सबनिसांनी तक्रार केली नाही. इंजिनियर माणूस, त्यांनी स्वतःच्या डोक्याला धोका आहे हे मान्य केलं आणि धरणाला तडा गेल्यावर करावी तशी तयारी सुरू केली. घरभर चिठ्ठ्या लागल्या. गीझरवर चिठ्ठी, दारामागे चिठ्ठी, औषधांच्या डब्यावर चिठ्ठी. डाव्या हाताने लिहिलेली वेडीवाकडी अक्षरं.

आणि उजवा हात? दीप्ती यायची, रबरी चेंडू द्यायची. सबनीस तो मांडीवर ठेवून बसायचे. "काय उपयोग गं," म्हणायचे, "वरचा मजलाच रिकामा होतोय."

भाऊ रोज संध्याकाळी चहाच्या वेळी समोर जायचे. न जाऊन चाललं नसतं, आणि गेल्यावर बसवत नव्हतं. रोज ठरवून जायचे, आज सांगायचंच. आणि रोज तोंडातून निघायचं ते, "काय, आज कसं वाटतंय?"

सबनीस रेवतीला जे सांगत नव्हते ते भाऊंना सांगायचे. "भीती वाटते रे भाऊ. काल माझ्या बायकोच्या माहेरचं आडनाव पाच मिनिटं आठवेना. आधीही असं व्हायचं का रे? तेव्हा लक्षच नव्हतं ना द्यायचो." किंवा, "आज दाढी करताना आरशात बघितलं. म्हटलं, हा माणूस अजून किती दिवस मला ओळखेल?" भाऊ कपातल्या चहाकडे बघत "छे रे, काहीतरीच" म्हणायचे. चहा गोड होता की अगोड, तेसुद्धा त्यांना कळत नसे.

एक दिवस सुगंधा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. खाली आली ती पदर खोचून.

"ती लावणी तुमीच केलात मां?"

भाऊंनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं.

"मुळ्याची कोण लावणी करता? आणि ओळी तरी बगा, सगळ्यो वाकड्यो! बगल्याबरोबर वळाखलंय मी." मग तिचा आवाज बदलला. "आणि तो माणूस सगळ्यांका सांगता, माजा डोक्या गेला म्हणान. तुमी रोज थयसर बसान चाय पितात. लाज नाय वाटणा तुमका?"

"उद्या सांगतो."

"उद्या!"

त्या दिवसापासून ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलणं बंद. चाळीस वर्षांत त्यांनी तिच्या तोंडून खूप ऐकलं होतं. ही शांतता मात्र ऐकवत नव्हती. रात्री अंगावर पांघरूण ओढलं की आपोआप सबनिसांचा तो हाताकडे बघणारा चेहरा समोर यायचा. भाऊंना स्वतःची किळस आली होती. तरी सकाळी उठून ते सोसायटीच्या बागेत कोणाला तरी सांगत असायचे, पाणी जास्त होतंय म्हणून. हेही लिहायलाच हवं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सबनिसांनीच हाक मारली. रेवतीने सुट्टी घेतली होती, ती आत फाइल लावत होती. टेबलावर पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापून ठेवलेले, जाड पेन, चिकटपट्टी.

"ये भाऊ. तुझं अक्षर मोत्यासारखं. माझं मलाच लागत नाही. लिहून दे जरा नीट."

भाऊ बसले. सबनीस सांगत गेले, भाऊ लिहीत गेले. गॅस बंद केला का बघ. दुपारची गोळी पिवळी. दार उघडण्याआधी कोण ते विचार. अक्षर खरंच सुरेख येत होतं. मग सबनिसांनी शर्टाच्या खिशातून एक फोटो काढला आणि डाव्या हाताने पुठ्ठ्यावर ठेवला. रेवतीचा फोटो, अलीकडचाच.

"ह्याच्याखाली लिही. ही रेवती. माझी मुलगी."

"अरे... हे कशाला?"

"वेळ येईल तेव्हा सुचणार नाही ना. आत्ता सुचतंय तोवर लिहून ठेवू." सबनीस हसले. "लिही. ही रेवती. आणि पुढे लिही, हिच्यावर ओरडू नकोस."

भाऊंनी ‘ही’ लिहिलं. पुढे पेन चालेना. हात तर चांगला धडधाकट होता, उजवा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सबनीस, ती रोपं मी उपटली."

"काय?"

"मी. तू बोरिवलीला गेलास त्या दिवशी. मी उपटली, मी लावली, माझ्या हाताने मेली. तू काही केलं नाहीस. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही."

रेवती दारात येऊन उभी राहिली होती. सबनिसांनी भाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, तू फार चांगला माणूस आहेस रे."

"अरे मी खरं सांगतोय!"

"उद्या तपासणी आहे म्हणून माझं मन राखतोयस. कळतं मला. तू शेतीतला माणूस, तू कशाला मुळाची भाजी उपटून लावशील? लहान मूलही करणार नाही."

रेवतीचे डोळे भरून आले होते. "काका, तुम्ही समोर आहात म्हणून मी निर्धास्त ऑफिसला जाते हो," ती म्हणाली, आणि पाया पडायला वाकली.

भाऊ ताडकन उठले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना आत्ता कळत होतं. पाया पडणारी पोर, मायेने बघणारा मित्र, आणि मध्ये आपण. एकच रस्ता उरला होता, आणि त्या रस्त्याने जायचं तर अंगावर चिंधीसुद्धा उरणार नव्हती.

"मी शेतीतला नाही," ते म्हणाले. "ऐक. मी लालबागला जन्मलो. वडील गिरणीत. गावी जायचो ते मे महिन्यात आंबे खायला आणि मग गणपतीला. लावणी पावसात असते, तेव्हा आमची शाळा. मी उभ्या जन्मात शेतात पाय घातला नाही. एकदा कॉलेजात असताना काकाचं वर्षश्राद्ध होतं म्हणून जुलैत गेलो, तेव्हा बांधावर छत्री धरून लावणी बघितली. तेवढीच. बाकी सगळ्या थापा. सोसायटीला मारल्या, तुला मारल्या. दाट रोपं दिसली, मला वाटलं तरवा आहे. भातासारखं लावलं. सुगंधाला विचार, ओळी बघून तिने ओळखलं."

सबनिसांचा चेहरा बदलला. आतला इंजिनियर जागा झाला आणि त्यांनी डोळे बारीक केले.

"मी गच्चीवरून उतरलो तेव्हा झारी कुठे होती?"

"टाकीमागे. मीच घेतली तिथून. तुझं छोटं खुरपं होतं टबाच्या कडेला, त्यानेच चिखल केला. सात ओळी एकात, सहा दुसऱ्यात. उरलेली रोपं टाकीशेजारच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली."

"पिंपात," सबनीस पुटपुटले. "मी विचारच करत होतो, बाकीची गेली कुठे." आणि मग त्यांचा श्वास असा काही सुटला, की रेवती धावली. "रेवती! अगं मी नाही केलं! मी नुसता बघून आलो होतो! मला बरोबर आठवत होतं गं, मला सगळं बरोबर आठवत होतं!" ते रडत होते आणि हसत होते, डाव्या हाताने मुलीचं डोकं छातीशी दाबत होते. "डोकं शाबूत आहे माझं!"

भाऊंच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुटलो, असं त्यांना वाटलं. चक्क हलकं वाटलं, काय सांगायचं! ते उत्साहाने पुढे झाले. "उद्या सकाळीच बी आणतो मी. अजून थंडी आहे, येतील सलगम. आपण दोघं मिळून..."

"नको," सबनीस म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी रुमालाने डोळे पुसले, चष्मा लावला, आणि पहिल्यांदा भाऊंकडे नीट बघितलं. रेवतीने टेबलावरचा फोटो उचलून पदराआड धरावा तसा ओढणीआड धरला. ती भाऊंकडे बघत नव्हती.

"मी एकटा जाईन आता वर," सबनीस म्हणाले.

भाऊ दारापर्यंत गेले. चपलेत पाय शिरत नव्हता. दोन पावलांवर त्यांचं स्वतःचं दार होतं.

"भाऊ."

ते वळले.

"रोज संध्याकाळी येऊन तू विचारायचास, आज कसं वाटतंय." सबनिसांना शब्द जुळवायला वेळ लागत होता. "आणि मी तुला खरं सांगायचो रे."

भाऊंनी चपला हातातच घेतल्या. ते बाहेर आले, आणि रेवतीने आतून हळूच दार लावलं.